आईची भिशी आणि एक्क्यांची जोडी

समजा, रात्रीचे पावणेतीन वाजलेत. रूममधले सगळे झोपलेत, तुम्ही पांघरुणात तोंड खुपसून बसलायत, फोनचं चार्जिंग अकरा टक्के. आणि तुमच्या हातात दोन एक्के आलेत. एक इस्पिकचा, एक बदामचा. पोकरमध्ये सुरुवातीला यापेक्षा भारी पत्ते येऊच शकत नाहीत. समोरचा त्याच्याकडचे सगळे पैसे लावतो. तुम्हीही लावता. पत्ते उघडतात, त्याच्याकडे दोन राजे. गणित सांगतं, असे शंभर डाव झाले तर त्यातले साधारण ८२ एक्केवाला जिंकतो. टेबलावर एकेक पत्ता पडायला लागतो. पहिले चार फालतू. पाचवा, किलवरचा राजा.

गेले पैसे.

आता सांगा, तुमचं काय चुकलं?

काहीच नाही, हे उत्तर मी आज पटकन देते. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये त्या पांघरुणात मी होते आणि तेव्हा माझ्याकडे दोन उत्तरं होती. एक, माझं नशीबच फुटकं आहे. दोन, आता थांबायचं नाही, वसूल करायचं. दुसऱ्या उत्तराची किंमत मी अजून फेडतेय. अगदी खरोखर, महिन्याच्या महिन्याला. ते पुढे सांगतेच.

ज्यांनी पोकर कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच, की तो तीन पत्तीचा जरा जास्त शिकलेला चुलतभाऊ आहे. प्रत्येकाला दोन पत्ते झाकलेले मिळतात. मग टेबलावर पाच पत्ते उघडे पडतात, ते सगळ्यांचे. सातातून सगळ्यात चांगले पाच निवडायचे. मधेमधे पैसे लावायच्या फेऱ्या होतात आणि कुठल्याही फेरीला 'मी नाही' म्हणून पत्ते टाकून देता येतात, त्याला फोल्ड म्हणतात. या खेळातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, आणि मला ती सगळ्यात कमी जमायची.

मी बार्शीची. मे महिन्याच्या सुट्टीत झब्बू, बदाम सात आणि मेंढीकोट खेळून मोठी झाले. पत्ते लक्षात ठेवण्यात माझा हात कुणी धरला नाही. पुण्यात मास कॉमला आल्यावर कोथरूडला एका मित्राच्या फ्लॅटवर शनिवारचा अड्डा जमायचा. पन्नास रुपये टाकायचे, रात्रभर पोकर. जानेवारी ते मार्च मी तिथे बऱ्याचदा जिंकले. "ए, तू इथे काय टाइमपास करतेयस, अ‍ॅपवर खेळ की," असं कुणीतरी म्हणालं आणि मला ते मनापासून पटलं. सलग हरणं डोक्यात जातं हे सगळेच सांगतात. सलग जिंकणं त्याहून खोल जातं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सात-आठ शनिवार म्हणजे किती डाव? आणि समोर कोण, तर जर्नलिझमची दमलेली पोरं. त्यावरून मी स्वतःला खेळाडू ठरवून टाकलं.

त्याच सुमारास आईची भिशी लागली. तिच्या भिशीत बारा जणी, महिन्याला दीड हजार. अठरा हजार तिने जसेच्या तसे मला पाठवले, सेकंड हँड कॅमेऱ्यासाठी. मला डॉक्युमेंटरी करायची होती आणि फोनवर शूट करायचा कंटाळा आला होता. कॅमेरा विकणारा मुलगा म्हणाला, परीक्षा संपली की देतो, महिनाभर थांब. पैसे अकाउंटला पडून राहिले.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

सुरुवात एक-दोन रुपयांच्या टेबलवर झाली. म्हणजे दर डावाला दोघांना सक्तीने एक आणि दोन रुपये टाकावे लागतात, तिथून बोली चढते. दोनशे रुपये घेऊन बसायचं. तीन आठवड्यांत माझे बाराशे रुपये गेले. फार मोठी रक्कम नाही, दोन पिझ्झा आणि एक सिनेमा. पण रोज थोडं थोडं हरत होते आणि रोज असं वाटायचं की कुणीतरी माझी चेष्टा करतंय. एक्के आले की मोडतात, फक्त माझेच मोडतात. अ‍ॅप सेट असणार. मग एका रात्री मी हिशेब केला, की पाच-दहाच्या टेबलवर गेलं तर बाराशे रुपये म्हणजे दोन-तीन चांगले डाव, एका रात्रीत भरपाई.

पाच रात्रीत तेरा हजार गेले.

कॅमेऱ्यावाल्याचा फोन आला, "रेडी आहे, कधी येतेस?" अकाउंटला ३,८०० रुपये होते. मी म्हटलं, माझी पण परीक्षा चालू आहे.

हे सगळं माझ्या रूममेटला कळलं ते मी सांगितलं म्हणून नाही. मेसचे पैसे द्यायची वेळ आली आणि माझा चेहरा बघून तिने विचारलं. ती एमएस्सी स्टॅटिस्टिक्स करते. तिने ना उपदेश केला, ना डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "अ‍ॅपमध्ये जुन्या डावांची हिस्ट्री असते ना? दे." पुढचे तीन दिवस आम्ही दोघी दोनशे पानी वही घेऊन बसलो. मी वाचायचे, ती लिहायची.

पहिला धक्का एक्क्यांचा. छोट्या टेबलवर मी साधारण अडीच हजार डाव खेळले होते. एक्क्यांची जोडी येण्याची शक्यता २२१ डावांत एकदा, म्हणजे अडीच हजारांत अकरा-बारा वेळा यायला हवी. मला अकरा वेळा आली होती. त्यातले किती हरले? माझ्या आठवणीत, जवळपास सगळे. वहीत, तीन. आठ वेळा मी जिंकले होते आणि त्यातला एकही डाव मला आठवत नव्हता. कुणी चेष्टा करत नव्हतं.

मग तिने मला एक रुपयाचं नाणं दिलं आणि शंभर वेळा उडवायला लावलं. छापा, काटा, लिहीत जा. एका जागी सलग सात काटे आले. "बघ, नाण्याची पण लूझिंग स्ट्रीक आहे," म्हणाली. शंभर वेळा नाणं उडवलं तर कुठे ना कुठे सलग सहा वेळा तरी एकच बाजू पडण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या आसपास असते. वर्गात प्रत्येकाला हे करायला लावलं तर पाचातल्या चौघांच्या कागदावर अशी रांग दिसेल. घरी करून बघा, दहा मिनिटंही लागत नाहीत. आपल्या डोक्यात 'नशीब' म्हणजे छापा-काटा-छापा-काटा असं आलटून पालटून काहीतरी असतं. खरं नशीब तसं वागत नाही. ते एका जागी ढीग घालतं.

पोकर खेळणारे याला व्हेरियन्स म्हणतात. हिशेब असा. एखादा चांगला, म्हणजे खरंच चांगला खेळाडू, दर शंभर डावांमागे सरासरी पाच ब्लाइंड कमावतो. दोन रुपयांच्या टेबलवर ब्लाइंड दोन रुपयांचा, म्हणजे शंभर डाव खेळून दहा रुपये. पण त्याच शंभर डावांत त्याचा चढ-उतार नव्वद ब्लाइंडच्या आसपास असतो. आता रूममेटने वहीत मांडलं ते असं, की अडीच हजार डावांनंतर असा चांगला खेळाडूसुद्धा तोट्यात असण्याची शक्यता ३९ टक्के. दहा हजार डावांनंतर २९ टक्के. लाखभर डाव झाले की मग कुठे ती चार टक्क्यांवर येते. थोडक्यात, अडीच हजार डाव खेळून मी बाराशे रुपये हरले यावरून मी वाईट खेळते हे सिद्ध होत नाही. आणि चांगली खेळते, फक्त नशीब खराब, हेही होत नाही.

मी खूश झाले. म्हणजे माझी चूक नाही!

"थांब," ती म्हणाली आणि दुसरं पान उघडलं. या पानावर निकाल नव्हते, फक्त मी काय केलं ते होतं. सहा जणांच्या टेबलवर मुरलेला खेळाडू आलेल्या पत्त्यांपैकी साधारण पाव ते पंचमांश डावच खेळतो, बाकी फोल्ड. मी निम्म्याहून जास्त डावांत पैसे टाकले होते. राजा आणि सत्ती, बघू तरी. गुलाम आणि चव्वी, बघू तरी. वहीत 'बघू तरी' या नावाचा एक रकानाच झाला. वर दर पॉटमधून अ‍ॅप स्वतःचा वाटा कापून घेतं, त्याला रेक म्हणतात. म्हणजे टेबलवरचे सगळे सारख्याच ताकदीचे असले तरी सगळे मिळून हळूहळू हरतच असतात. जिंकायचं असेल तर नुसतं बरं खेळून भागत नाही.

आणि मग तिसरं पान, पाच-दहाच्या टेबलचं. तिथे नशिबाचा विषयच नव्हता. सगळे मोठे डाव रात्री एकनंतरचे. मोठं काही हरले की पुढच्या दहा डावांत मी जवळजवळ एकही फोल्ड केलेला नाही. दुग्गीची जोडी घेऊन ऑल-इन. समोरच्याकडे फ्लश आहे हे टेबलावर उघड दिसत असताना कॉल. ते वाचताना मला दुसऱ्या कुणाचा तरी खेळ वाचतेय असं वाटत होतं. रूममेट म्हणाली, "बाराशेमध्ये किती नशीब आणि किती तू, हे मला सांगता येणार नाही, डाव कमी आहेत. तेरा हजारांत मात्र सांगता येतं."

मला या लेखात सांगायचंय ते हेच आहे. ज्याला मी 'लूझिंग स्ट्रीक' म्हणत होते त्या दोन वेगवेगळ्या गोष्टी होत्या. पहिला तुकडा खेळाचा होता, तो जवळजवळ प्रत्येकाला येतो. दुसरा तुकडा मी पहिल्याला दिलेलं उत्तर होतं. पैशांत बघितलं तर दुसरा पहिल्याच्या जवळपास अकरापट. पण दोन्हीला आपण एकच नाव देतो आणि मग दोन्हीचा दोष नशिबावर तरी टाकतो, नाहीतर सगळाच स्वतःवर.

दुसऱ्या तुकड्याला पोकरच्या भाषेत टिल्ट म्हणतात. शब्द पिनबॉलच्या मशिनवरून आला. बॉल हवा तिकडे जावा म्हणून लोक मशीनच हलवायचे, तिरकं करायचे. मग मशीन 'टिल्ट' असं दाखवून बंद पडायचं. जॅरेड टेंडलर नावाच्या प्रशिक्षकाने खेळाडूंच्या डोक्यावर एक पुस्तकच लिहिलंय आणि त्यात टिल्टचे सात प्रकार दिलेत. सतत हरतोय म्हणून येणारा वेगळा, माझ्यावर अन्याय होतोय म्हणून येणारा वेगळा, अमुक एका खेळाडूचा सूड घ्यायचाय म्हणून येणारा वेगळा. मला सातपैकी पाच तरी लागू होत होते. आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, धर्मराजाला कुठलं पुस्तक वाचून झाला होता?

यामागचं मानसशास्त्र जुनंच आहे. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोघांनी १९७९मध्ये एक पेपर छापला. त्यात लोकांना विचारलं होतं, तीन हजारांचा नक्की तोटा घेता, की चार हजारांच्या तोट्याची ८० टक्के शक्यता? दुसऱ्यात सरासरी तोटा ३,२०० होतो, म्हणजे पहिला पर्याय सरळ सरळ स्वस्त. तरी ९२ टक्के लोकांनी दुसरा निवडला. का, तर त्यात 'कदाचित काहीच जाणार नाही' ही फट होती. तोट्यात असलेला माणूस धोका टाळत नाही, धोक्याकडे धावतो. माझी पाच-दहाच्या टेबलवरची उडी म्हणजे हाच प्रयोग, फक्त आईच्या पैशांनी.

आता निर्णय आणि निकाल यांच्याबद्दल. अ‍ॅनी ड्यूक ही अमेरिकन पोकरपटू. मानसशास्त्रातली पीएच.डी. अर्धवट सोडून ती पोकरकडे वळली आणि २००४मध्ये वर्ल्ड सिरीजचं ब्रेसलेट जिंकली. तिचं म्हणणं असं, की आपण निकालावरून निर्णयाची परीक्षा करतो आणि तिथेच फसतो. यासाठी तिच्या पुस्तकात जायची गरज नाही, आपल्याकडे उदाहरण आहे. २४ सप्टेंबर २००७, जोहान्सबर्ग, टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल. शेवटच्या ओव्हरमध्ये पाकिस्तानला १३ रन हवेत, एक विकेट शिल्लक, समोर मिस्बाह. हरभजनची एक ओव्हर बाकी असताना धोनीने बॉल दिला जोगिंदर शर्माला. वाइड, मग डॉट, मग सिक्स, मग तो स्कूप, आणि श्रीशांतच्या हातात कॅच. पाच रननी आपण जिंकलो. मी तेव्हा चार वर्षांची होते, पण यूट्यूबवर शंभर वेळा पाहिलंय. धोनीचा तो निर्णय आजही मास्टरस्ट्रोक म्हणून सांगितला जातो. तो बॉल अजून थोडा लांब गेला असता तर? निर्णय तोच राहिला असता, धोनीकडची माहिती तीच राहिली असती. आपण मात्र आज वेगळी गोष्ट सांगत असतो. (धोनीच्या चाहत्यांनी मेल पाठवू नयेत, मीही त्यातलीच आहे.)

दुसरी बाई मारिया कोनिकोवा. ही तर मानसशास्त्राची डॉक्टर आणि पत्रकार, म्हणून माझी जास्त लाडकी. नशीब आणि कौशल्य यांचा अभ्यास करायचा म्हणून पोकर शिकायला गेली, तेव्हा पत्त्यांच्या जोडात किती पत्ते असतात हेही तिला माहीत नव्हतं. २०१८मध्ये तिने बहामाजमधली एक मोठी स्पर्धा जिंकली. तिचा गुरू एरिक सायडेल. या सायडेलची गंमत अशी, की तो १९८८च्या वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत शेवटच्या डावाला जॉनी चॅनकडून हरला आणि तो डाव 'राउंडर्स' या सिनेमात दाखवला गेला. म्हणजे आयुष्यातली सगळ्यात मोठी हार जगभरच्या पोरांनी पॉपकॉर्न खात बघितली. त्यानंतर या माणसाने दहा ब्रेसलेट जिंकली. आपण कसे दुर्दैवाने हरलो याच्या रडकथा त्याने मारियाला सांगू दिल्या नाहीत. त्या डावात तू काय विचार केलास, ते बोल. आमच्या शनिवारच्या अड्ड्यावर हा नियम लावला असता तर निम्मी रात्र शांततेत गेली असती.

बरं, मग ध्येय बदलायचं म्हणजे नेमकं काय?

मे महिन्यात माझं ध्येय एकच होतं, १४,२०० रुपये परत मिळवणं. ऐकायला किती स्पष्ट वाटतं ना? आकडा आहे, मोजता येतो. मोटिव्हेशनवाले सांगतात तसंच अगदी. रूममेटने कॅल्क्युलेटर काढला. समजा तू आजपासून ती 'खरंच चांगली' खेळाडू झालीस. दोन रुपयांच्या टेबलवर शंभर डावांना दहा रुपये. १४,२०० साठी एक लाख बेचाळीस हजार डाव. फोनवर तासाला साठ डाव होतात. रोज रात्री दोन तास खेळलीस तर तीन वर्षं आणि वर तीन महिने. तेही नशिबाने साथ दिली तर. यापेक्षा लवकर हवे असतील तर मोठ्या टेबलवर जावं लागेल, म्हणजे पुन्हा तिसरं पान.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा आकडा मी ठरवलेलाच नव्हता. तो माझ्या तोट्याने ठरवला होता. टेबलला माहीत नसतं तुमचे किती गेलेत. पुढच्या डावाला पत्ते पिसले जातात तेव्हा मागचं सगळं पुसलेलं असतं, फक्त तुमच्या डोक्यात ते शिल्लक असतं. आणि 'वसूल' हे असं ध्येय आहे, की ते गाठायला तुम्हाला नेमकं तेच करावं लागतं ज्याच्यामुळे पैसे गेले.

मी एका वेडिंग फोटोग्राफरकडे रील एडिट करायचे, एका रीलचे पाचशे. १४,२०० म्हणजे एकोणतीस रील.

तीन वर्षं किंवा एकोणतीस रील. हे गणित मी एप्रिलमध्ये का केलं नाही? कारण रील एडिट करून मिळालेले पाचशे रुपये मला 'वसुली' वाटले नसते. पैसे तेच, पण मला ते त्याच टेबलवरून, त्याच हरामखोर किलवरच्या राजाकडून परत हवे होते.

अ‍ॅप मी जूनमध्ये काढून टाकलं. ऑगस्टमध्ये संसदेने कायदाच केला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद झाले, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा. पोकर, रमी, फँटसी टीम, सगळं एका फटक्यात. शिक्षा खेळणाऱ्याला नाही, खेळवणाऱ्याला आहे. तेव्हा आमच्या ग्रुपवर एकाने टाकलं, "चला गोव्याला, मांडवीवर कॅसिनो आहेतच." त्याचेही बरेच गेले होते. मी त्याला वहीचा फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला. तो गेला की नाही, मी विचारलं नाही. पण खरं सांगते, कायद्याने अ‍ॅप बंद होतं, टिल्ट बंद होत नाही. तो शेअरच्या ऑप्शनमध्ये जातो, आयपीएलच्या पैजेत जातो. हे वाचताना तुमच्या पोटात खड्डा पडत असेल, म्हणजे रक्कम कुणाला सांगितली नसेल, उधारी चालू असेल, झोप उडाली असेल, तर आधी एका माणसाला आकडा सांगा, खरा आकडा. कुणीच नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, सरकारी, मोफत, रात्रीबेरात्री चालतो आणि मराठीत बोलता येतं.

वही मात्र मी ठेवली. आता त्यात पत्ते नसतात. इंटर्नशिपसाठी मी अकरा ठिकाणी मेल केले होते, नऊ ठिकाणांहून उत्तरच नाही. जुनी मी असते तर चौथ्या नकारानंतर सीव्ही उलटापालटा केला असता, सहाव्यानंतर क्षेत्रच बदललं असतं. आमच्या फ्लॅटमधली एक जण प्लेसमेंटला तेच करते. प्रत्येक रिजेक्शननंतर नवा सीव्ही, नवं लिंक्डइन, नवं 'पॅशन'. सात नकार म्हणजे सात माणसं झाली तिची. मी वहीत दोन रकाने केले. डावीकडे, मी काय पाठवलं आणि का. उजवीकडे निकाल, तो आठवडाभर भरायचाच नाही. महिन्याने फक्त डावा रकाना वाचला तेव्हा दिसलं की पहिले पाच मेल खरंच वाईट होते. नाव बदलून तेच पत्र सगळीकडे, म्हणजे पुन्हा 'बघू तरी'. पुढचे सहा बरे होते. त्यांनाही बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. पण ते बदलायची गरज नव्हती. अकरातल्या दहाव्याने मला बोलावलं, म्हणून तुम्ही हे वाचताय. त्यानेही बोलावलं नसतं तरी डावा रकाना तसाच राहिला असता, हे पटायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. अजून पूर्ण पटलंय असंही नाही.

हो, आई राहिलीच.

जूनमध्ये बार्शीला गेले तेव्हा सांगितलं. ती शेंगा निवडत होती. सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही बोलली नाही, हात चालूच. मला वाटलं आता रडेल किंवा मारेल. ती म्हणाली, "भिशीत एखादीने पैसे थकवले की आम्ही काय करतो माहितीये? हप्ता बांधून देतो. तुलाही हप्ता. महिन्याला बाराशे, बारा महिने."

मी डोक्यात गुणाकार केला. "अगं, ते १४,४०० होतात. माझ्याकडून गेले १४,२००."

"वरचे दोनशे दंड," ती म्हणाली. "भिशीला असतो."

आठ हप्ते गेलेत, चार राहिलेत. तिच्या भिशीच्या वहीत शेवटच्या पानावर माझं नाव आहे, बारा बायकांच्या खाली, तेराव्या नंबरला. पैसे मिळाले की ती समोर टिक करते आणि मला फोटो पाठवते, वर एक अक्षर लिहीत नाही. डॉक्युमेंटरी मी शेवटी फोनवरच केली. कॅमेरा त्या मुलाने दुसऱ्याला विकला.

शनिवारचा अड्डा अजून भरतो. पैशांऐवजी चिंचोके असतात, माझ्या आजीने पिशवी भरून दिलेत. गंमत म्हणजे चिंचोक्यांवरही लोक टिल्ट होतात. मागच्या शनिवारी मला एक्क्यांची जोडी आली, समोरच्याकडे राण्या होत्या, आणि शेवटच्या पत्त्याला चौकटची राणी पडली. माझे सगळे, म्हणजे एकशे चाळीस चिंचोके गेले. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी उठून चहा टाकला. दुधाची पिशवी फाडताना हात थोडा थरथरत होता, तेवढं होतं अजून.